शब्दचर्चा: आश्रयदाता, देणगीदार की वर्गणीदार?

पानगळ
येट्स या आयरिश कवीच्या एका कवितेचा अनुवाद करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. शीर्षक म्हणजे अख्खं वाक्यच आहे: लोकांना चित्रं हवी आहेत हे सिद्ध झालं तर डब्लिनच्या चित्रदालनाला दुसऱ्यांदा पैसे देईन म्हणणाऱ्या एका धनिकास. ११ जानेवारी १९१३ला ही कविता 'आयरिश टाइम्स'मध्ये छापून आली. ह्यू लेन हा चित्रांचा व्यापारी आपल्याकडची फ्रेंच चित्रं डब्लिनला द्यायला तयार होता. अट एकच, ती टांगायला धड इमारत बांधा. त्यासाठी पैसे गोळा होत होते. धनिकाचं नाव कवितेत नाही, पण गिनेस दारूवाल्यांच्या घरातला लॉर्ड आर्डिलॉन, असं सहसा मानतात. टिपणात त्याला 'आश्रयदाता' म्हणू का?

ताकभात
म्हण की. राजाश्रय, लोकाश्रय हे शब्द आहेतच, मग आश्रयदात्यानं काय घोडं मारलंय?

दीडशहाणा
आश्रय म्हटलं की एक छत्र धरणारा आणि एक त्याखाली बसणारा आला. आयर्लंडात तसं खरंच होतं. गेलिक सरदारांच्या पदरी घराणेदार कवी असत. सरदाराची स्तुती करायची आणि त्याबद्दल गुरं-जमिनी मिळवायच्या. १६०७ला अल्स्टरचे, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांताचे, बडे सरदार देश सोडून गेले आणि कवींचं छत्रच उडालं. तिथे आश्रयदाता हा शब्द चपखल बसतो. येट्स इथे स्वतःसाठी छदामही मागत नाहीये. त्याला १९१०पासून ब्रिटिश सरकारकडून सालीना १५० पौंड चालू होते. त्याला हवं तर वर्षासन म्हणा.

ताकभात
मग बिदागी?

दीडशहाणा
अहो, बिदागी कीर्तन झाल्यावर बुवांच्या हातावर ठेवतात. इथे बुवा यजमानालाच झापतोय.

मोडीवाला
पानगळताई, तुम्ही 'दुसऱ्यांदा पैसे' असं मोघम लिहिलंत, गंमत नेमकी तिथेच निसटली. मूळ शब्द 'सबस्क्रिप्शन', त्याचा सरळ अर्थ 'वर्गणी'. गणपतीला दारोदार फिरून जमवतात तीच. वर्गणी सगळ्यांनी मिळून द्यायची असते, त्यामुळे शेजाऱ्यानं किती दिले हे पावतीपुस्तकात डोकावून बघायची मुभा असते. देणगी देणारा असं डोकावत नाही. हा लॉर्ड एवढा गडगंज असून पावतीपुस्तक उलटून बघतोय: बाकीच्यांनी दिले का? मग मी देतो. येट्सचा राग त्यावर आहे. 'देणगी' लिहिलंत तर त्याला फुकट मोठेपणा मिळेल. 'दुसरी वर्गणी' असंच लिहा.

पानगळ
हे पटलं! आणि 'धनिक'?

मोडीवाला
'श्रीमंत' करा. आपल्याकडे तो पैसेवाल्यालाही लागतो आणि 'श्रीमंत पेशवे' असा किताब म्हणूनही. लॉर्डाला दोन्ही लागू.

पानगळ
आता कवितेतले 'पॉडीनचे पेन्स' आणि 'बिडीचे हाफपेनी'. पॉडीन म्हणजे पॅड्रिगचं लाडकं रूप, बिडी म्हणजे ब्रिजिड. दोन्ही नावं तुच्छतेनं आलीत.

दीडशहाणा
पॉडीन म्हणजे आपला सोम्यागोम्या. हाफपेनीला 'अधेला' घ्या. मात्र 'अधेली' लिहू नका हं, अधेली म्हणजे अर्धा रुपया, अधेला म्हणजे अर्धा पैसा. एका वेलांटीनं बिडी एकदम सुखवस्तू व्हायची.

ताकभात
पण मला ती कविता उर्मट वाटते. इमारतीला नगरपालिकेचा पैसा लागणार, म्हणजे सोम्यागोम्यांचाच. त्यांना चित्रं हवीत का, हे विचारलं तर काय चुकलं? आणि हा लॉर्ड काही चिक्कू नव्हता, डब्लिनची सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग त्याच्यामुळेच १८८०ला सगळ्यांना खुली झाली.

मोडीवाला
उर्मट आहेच. दाखले बघा ना, इटलीतले: फेराराचा ड्यूक एर्कोले, फ्लॉरेन्सचा कोसिमो. भर बाजारात नाटक लावताना कांदेवाल्यांना काय वाटेल याची एर्कोलेनं पर्वा केली का, असं येट्स विचारतो. पण ते सत्ताधीश होते, आर्डिलॉनकडे दारूचा पैसा होता. तेव्हा एर्कोले-कोसिमोंना खुशाल आश्रयदाते म्हणा. येट्सचं म्हणणं हेच की वर्गणीदारा, तू आश्रयदाता हो. टिपणात दोन्ही शब्द येऊ द्या, समोरासमोर.

पानगळ
वा, तसंच करते. पुढे काय झालं तेही लिहीन: १९१३लाच पालिकेनं लेनचा बेत नाकारला, १९१५ला लेन लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाला. चित्रं डब्लिनला द्यावीत असा पुरवणी लेख त्यानं मृत्युपत्राला जोडला होता, पण त्यावर साक्षीदाराची सहीच नव्हती. ३९ चित्रं लंडनकडे गेली आणि वाद पेटला.

दीडशहाणा
त्या पुरवणी लेखाला आमच्याकडे कोर्टात 'कोडिसिल'च म्हणतात, तेच ठेवा. आणि कांदेवाल्यांचे भाजीवाले करू नका. लासलगावकर रागावले तर बघून घेऊ.