जुना व्हॉल्व्ह रेडिओ: चालू केला की लगेच फ्यूज उडतो

खरखर: एक जुना व्हॉल्व्ह रेडिओ हाती आलाय, आतून सगळा मूळचाच आहे, फक्त मेनच्या वायरचं रबर हात लावला की भुगा होत होतं म्हणून वायर नवीन टाकली आणि चालू केला तर फ्यूज गेला, दुसरा टाकला तोही गेला. व्होल्टेज सिलेक्टर 220 वरच आहे. थोडा मोठा फ्यूज टाकून बघू का, की ट्रान्सफॉर्मर जळालाय असं समजायचं? सेट फार सुंदर आहे हो, वाचवायचाय.

फेजन्यूट्रल: मोठा फ्यूज अजिबात नको, मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जाईल. सिरीज बोर्ड बनवा, म्हणजे सेटला जाणाऱ्या फेजच्या वायरमधे 60 किंवा 100 वॉटचा बल्ब, फिलामेंटचाच हवा, एलईडीने काही कळणार नाही. बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग प्लग काढून रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) बाहेर काढा आणि त्याच्याशिवायच प्लग परत लावून बघा. बल्ब मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुतेक ठीक, तरीही फुल असेल तर शॉर्ट ट्रान्सफॉर्मरमधे किंवा मेनच्या बाजूला.

जुनीतार: त्याआधी व्हॉल्व्हचे नंबर वाचा. यूसीएच81, यूएल84 असे यू वाले असतील तर हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारा) सिरीजमधे असतात आणि चॅसी (सेटचा धातूचा सांगाडा) थेट मेनला जोडलेली असू शकते, ट्रान्सफॉर्मर दिसला तरी तो ऑटोट्रान्सफॉर्मर (मेनपासून वेगळं न करणारा) असू शकतो. अशा चॅसीला अर्थ जोडायचा नाही, सेट मेनपासून वेगळा करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हातही लावायचा नाही. प्लग बाहेर, सेटचा स्विच ऑन ठेवून प्लगची प्रत्येक पिन ते चॅसी मीटरने बघा, काही ओहम दाखवले तर सावध.

खरखर: ई वाले आहेत, रेक्टिफायर ईझेड80. पिन ते चॅसी काहीच दाखवत नाही. ईझेड80 काढल्यावर बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, बाकी व्हॉल्व्ह हलके लाल दिसतायत!

फेजन्यूट्रल: छान, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाचलेला दिसतोय. आता संशय फिल्टर कपॅसिटरवर (रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणारा), पण ईझेड80 च्या आत हीटर आणि कॅथोड (जिथून डीसी बाहेर येतो तो भाग) चिकटले असतील तरी हेच होतं, म्हणून व्हॉल्व्ह बाहेर ठेवून सॉकेटच्या कॅथोड पिनपासून चॅसीपर्यंत ओहम बघा. अगदी कमी आला तर कपॅसिटर किंवा एचटी लाइन (व्हॉल्व्हना जास्त व्होल्टेजचा डीसी देणारी) शॉर्ट, आकडा हळूहळू चढत गेला तर व्हॉल्व्ह तपासा. नवीन कपॅसिटर टाकताना रेक्टिफायरनंतरचा पहिला 50 मायक्रोफॅरडच्या वर नको, ईझेड80 ला तेवढीच मर्यादा आहे. हात घालण्याआधी दरवेळी कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरने खात्री करा, प्लग काढला तरी चार्ज राहतो.

जुनीतार: आणि मेन ते चॅसी कागदी कपॅसिटर असेल तर तोही बदला, वाय2 क्लासचाच घ्या (मेन ते चॅसी लावायलाच बनवलेला सुरक्षित प्रकार), साधा नको, साधा शॉर्ट झाला तर चॅसीवर थेट फेज येतो.

खरखर: कॅथोड पिन ते चॅसी फक्त 8 ओहम आला, फिल्टर कपॅसिटरचा डबा सोडवला तर लाइनवर भरपूर ओहम आणि डब्यावर तेच 8! वाय2 सोबतच मागवतो.