मदत हवी आहे: मूत्राशयाचा कॅन्सर, लघवीतल्या प्रथिनांच्या तपासणीचा कोणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. आम्ही घाटंजी तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. माझ्या मोठ्या बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून गाठ काढली, स्नायूपर्यंत गेलेली नव्हती. आता मूत्राशयात बीसीजी (क्षयाची लस, इथे कॅन्सरवर औषध म्हणून) सोडतात. हा आजार पुन्हा पुन्हा उगवतो, म्हणून दर तीन महिन्यांनी नागपूरला सिस्टोस्कोपी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बिणीची नळी घालून तपासणी. मोठे बाबा त्या नळीला फार धास्तावतात. "लघवी तपासून नाही का समजत रे?" असं मलाच विचारतात, कारण मी तालुक्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

वाचलं तेवढं सांगतो. एनएमपी२२ हे पेशीच्या केंद्रकातलं प्रथिन. गाठीच्या पेशी मरतात तेव्हा ते लघवीत वाढतं. त्याची पट्टी थोड्याशा लघवीवर अर्ध्या तासात निकाल देते. दुसरी चाचणी बीटीए, ती कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच या रोगप्रतिकारक प्रथिनासारखं प्रथिन पकडते. पण फॅक्टर एच रक्तात मुळातच असतो, म्हणजे लघवीत नुसतं रक्त आलं तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. मुतखडा, जंतुसंसर्ग, बीसीजीची सूज यांनीही दोन्ही चाचण्या फसतात. आणि आमच्याकडे मुतखडा तर गल्लोगल्ली! मला त्याहून जास्त भीती खोट्या निगेटिव्हची आहे. लहान, कमी आक्रमक गाठी यातून निसटतात. लघवीची सायटोलॉजी (लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) हीसुद्धा त्यांना नीट पकडत नाही.

म्हणून सिस्टोस्कोपी बंद करा असं मी त्यांना सांगणार नाही. विचारायचं एवढंच:

नागपूर, वर्धा किंवा अमरावतीकडे ही तपासणी कुठे होते? खर्च किती येतो? चाचणी करून कोणाच्या डॉक्टरांनी दोन सिस्टोस्कोपींमधलं अंतर वाढवलं का? बीसीजीनंतर किती दिवस थांबून नमुना घ्यायला सांगितला?

आणखी एक. मोठ्या बाबांना पहिल्यांदा धुऱ्यावर लघवी लाल झाली. दुखलं काहीच नाही. उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी प्यायले, दोन दिवसांत रंग साफ झाला आणि विषय तिथेच राहिला. पुढे महिनोन्महिने असंच येत-जात राहिलं. ते आयुष्यभर बिडी ओढत आले. गावात असे कितीतरी जण आहेत, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे तर त्याहून जास्त. लघवीतून न दुखता रक्त गेलेल्यांसाठी कोणी गावपातळीवर निदान साधी लघवी तपासणी आणि सोनोग्राफीचं शिबिर घेतलं असेल, तर कसं घेतलं ते कृपया लिहा. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर मदतीला तयार आहेत.