खान्देशातील आया, त्यांचे काम आणि कविता : आपले अनुभव

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात राबता राबता त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली आणि त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्या संसाराच्या गाण्यात हाताला चटका आधी बसतो आणि भाकर नंतर मिळते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण आईवरच्या बहुतेक कविता एकदम भाकरीपासूनच सुरू होतात. आपल्या घरातले काम कवितेत कुठे भेटले, किंवा भेटलेच नाही, ते येथे अवश्य लिहावे.

चोपड्याहून : आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारी भिजवायची, वाळवून दळायची, पहाटे चुलीवर हंडा चढवून पीठ शिजवताना अंगातली सगळी ताकद लावून घोटायचे आणि ऊन तापायच्या आत ओल्या फडक्यावर थापून मोकळे व्हायचे. गरम पिठाने आईच्या हाताची बोटे लाल होत असत. २०११ च्या जनगणनेत प्रगणकाने तिच्याविषयी विचारले, तेव्हा वडील सहज म्हणाले, "ती काही करत नाही, घरीच असते." त्यांचा दोष तरी किती म्हणावा? फक्त स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या बाईला जनगणनाही काम न करणाऱ्यांतच धरते. तेच बिबडे आज शेजारीण बचत गटातून विकते, म्हणून तिच्या श्रमाला निदान किलोचा भाव तरी आहे.

धुळ्याहून : महाविद्यालयात असताना मी 'आई' या विषयावर कविता लिहून बक्षीस मिळवले होते. तीत वात्सल्य होते, चंदन होते, समई होती. सकाळी मी घातलेला इस्त्रीचा सदरा मात्र कोणी धुतला होता, ते नव्हते.

अमळनेरहून : थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा. घरोटा, म्हणजे दळायचे जाते, गेला आणि त्यासोबत ओवी गेली, अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी एकदा पायलीभर दादर ज्वारी दळून पाहावी. माझ्या आजीला गावात पिठाची गिरणी आल्याचा आनंदच झाला होता. घरोट्यातून जशी पिठी पडते तसे गाणे पोटातून ओठी येते, असे बहिणाबाईंनी म्हटले ते खरेच. पण आजी मला सांगायची की खुंटा ओढताना दम टिकावा, झोप येऊ नये, म्हणूनही बाया गात असत. ओवीचे संग्रह वाचताना हा दम छापील पानावर दिसत नाही.

पुन्हा चोपड्याहून : धुळ्याच्या लेखकांचे लेखन वाचून राहवले नाही, म्हणून पुन्हा लिहितो आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ गेल्याचे आढळले, तर घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. माझे ९७ देखील भरत नाहीत.

नंदुरबारहून : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून सासरच्या कामांची गाणी म्हणतात आणि आम्ही ती कौतुकाने ऐकतो. गेल्या आखाजीला गाणे रंगले असताना मी आत डोकावले. पुरणाचे मांडे करायला वहिनी एकटीच खापरासमोर बसली होती. तिचे माहेर दोन कोसांवर आहे.