'रुब्रिक'ला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर_मास्तर: आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत प्रकल्पाला गुण कसे द्यायचे यावर बोलायचंय. तो तक्ता असतो ना, चार रकाने, 'स्वतः करतो' पासून 'खूप मदत लागते' पर्यंत, तोच रुब्रिक. मी 'निकषतक्ता' लिहिलं तर शेजारचे सर म्हणायलेत निकष म्हणजे नुसत्या अटी, पीकविम्याला असतात तशा. मग काय लिहू?

लातूरची_लेक: निकष म्हणजे मुळात सोनाराचा दगड, ज्यावर सोनं घासून कस बघतात. कसोटी पण तोच. अट हा अर्थ नंतर चिकटला. पण त्या दगडाला पायऱ्या नसतात आणि तुमच्या तक्त्यात सगळा जीव पायऱ्यांतच आहे. 'पायरीतक्ता' म्हणा.

शुद्ध_मराठी: 'श्रेणीनिर्देशिका'. इतका सरळ शब्द असताना परका कशाला?

गोदाकाठचा: मालक, ही निर्देशिका पहिलीच्या लेकराच्या आईला एकदा समजावून दाखवा. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तवाच 'आकारिक' (शिकवता शिकवता वर्षभर चालणारं) अन् 'संकलित' (सत्राच्या शेवटी परीक्षा घेऊन केलेलं) गिळलं आम्ही. आमच्याकडं एका बापानं विचारलं, गुरुजी ह्या आकारिकाचे पैसे किती भरायचे? त्याच्या डोक्यात सातबाऱ्यावरची आकारणी!

लातूरची_लेक: हसू नका 😄 इंग्रजीत असेसमेंट पण आधी कर ठरवण्यालाच म्हणायचे, शाळेत फार नंतर आलं.

शुद्ध_मराठी: आकारिक म्हणजे आकार देणारे. शेतसाऱ्याचा संबंध नाही.

परभणीकर_मास्तर: माझं रुब्रिक राहिलं हो.

नांदेडचे_निवृत्त: आमचे वडील निजामाच्या काळात शिकलेले, शेवटपर्यंत 'इम्तिहान'च म्हणायचे, काही अडलं नाही. शब्द कोणताबी घ्या. पहिली-दुसरीला आकारिक 70 संकलित 30, सातवी-आठवीला 40-60, निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशी आठ साधनं, कागदावर झकास होतं. अन् झालं काय तर वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ ग्रुपवर फिरली, जो तो तीच उतरवायला, मी तपासलेल्या एका नोंदवहीत सगळ्या वर्गापुढं 'स्वतःहून पुढाकार घेतो', मुलींपुढं बी 'घेतो'च!

गोदाकाठचा: कोल्हापूरकडं चालून गेलं असतं, तिकडं पोरी 'मी येतो' म्हणतात.

शुद्ध_मराठी: ते प्रथम पुरुषात. नोंद तृतीय पुरुषात असते, तिथे कोल्हापूरलाही 'घेते'च.

परभणीकर_मास्तर: परिषद उद्या आहे. 'पायरीतक्ता' फायनल करू का?

शुद्ध_मराठी: करायचाच तर 'पायऱ्यांचा तक्ता' असा तोडून लिहा.

लातूरची_लेक: कामून? वेळापत्रक तोडून लिहिता का?