सोसायटी ग्रुप : ‘गोळी म्हणजे कुबडी’वरून सुरू झालेलं

ए-४०१ काका, ७:१२
सुप्रभात 🙏 (आलेला मेसेज पुढे पाठवत आहे) डिप्रेशन हे हल्लीचं फॅड. मन खंबीर हवं. गोळ्या म्हणजे कुबड्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत. पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला. दहा जणांना पाठवा.

सेक्रेटरी, ७:३०
टँकर ११ ला येईल. बी विंगने तोवर पाणी जपून वापरावे.

बी-३०२, ७:४१
काका, तुमच्यावर राग नाही, पण आता सांगतेच. ती कुबडी मी घेते, दहा महिने होत आले. गेल्या पावसाळ्यात माझ्या दाराशी दुधाची पिशवी दहा-दहा वाजेपर्यंत पडलेली असायची, आठवतं? काकूंनी दोनदा आत आणून दिली. मी झोपलेली नसायचे हो. पहाटे ४ पासून टक्क जागी. पलंगापासून दारापर्यंत जाणं व्हायचं नाही, सूर्यनमस्कार कुठले घालताय!
डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि व्हिटॅमिन बी-१२ तपासायला लावलं. ते नीट निघाल्यावर एसिटालोप्राम, ही डिप्रेशनची गोळी. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ. चौथ्या आठवड्यात शेजारून फोडणीचा वास आला आणि भूक लागली. तेवढंच, आनंदबिनंद काही नाही. पण भूक लागली.

बी-२०३, ७:४४
काका, तुमची बीपीची गोळी पण कुबडीच मग 😄

बी-३०२, ७:४६
ते उदाहरण नको गं. बीपी यंत्रावर दिसतं, हे दिसत नाही. भांडण तिथेच आहे.

ए-४०१ काका, ७:५०
पण दहा महिने म्हणजे सवय लागलीच ना?

बी-३०२, ७:५८
तेच डोक्यात घेऊन मी दिवाळीत आपल्या मनाने बंद केली. बरं वाटत होतं, म्हटलं आता कशाला. चार दिवसांत चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. ते ओसरलं, पण जानेवारीत पुन्हा तीच पिशवी, तेच दार. डॉक्टर ओरडले नाहीत, म्हणाले, बरं वाटायला लागल्यावर निदान ६ ते ९ महिने घ्यायची असते, मग हळूहळू उतरवायची. आता गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेनने तारखा लिहिते.

बी-५०१ (नर्सताई), ८:०३
काका, लत लागण्याची भीती असते ती झोपेच्या आणि घाबरेपणाच्या काही गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. त्या चिठ्ठीशिवाय मागून घेणारे आपल्याच इमारतीत आहेत. नावं नको.

ए-१०४, ८:१०
मी जरा कडू बोलते. माझा भाऊ तीन वर्षं गोळ्या घेतोय. दिवसभर पडून. आईवर खेकसतो आणि म्हणतो, माझा आजार आहे. मग आम्ही काय करायचं?

बी-३०२, ८:२२
कडू नाही, खरं आहे. तीन वर्षांत फरक नसेल तर गोळी किंवा डोस बदलायला हवा असेल, पुढच्या वेळी तू सोबत जा. डॉक्टरांना तो ‘ठीक आहे’ एवढंच सांगत असेल, मीही तेच सांगायचे.
पण खेकसण्याचं वेगळं. मीही नवऱ्याला वाट्टेल ते बोलले आहे. आजार मी ओढवून घेतला नव्हता, पण त्याला लागलं ते लागलंच. सॉरी मीच म्हणायची ना, गोळी थोडीच म्हणणार? तसंच रोजचं. डोस चुकवायचा नाही, तारखेला जायचं, आणि पुन्हा पहाटे ४ ला जाग यायला लागली की नवऱ्याला सांगायचं, लपवायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड जातं.

ए-१०४, ८:२५
शुक्रवारी जाते त्याच्याबरोबर.

बी-५०१ (नर्सताई), ८:३१
कोणाला आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून. फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर मात्र माणसाला एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये न्या.

ए-४०१ काका, ८:४०
वरचा मेसेज डिलीट केला. पण सूर्यनमस्कार वाईट नाहीत हं.

बी-३०२, ८:४२
वाईट कोण म्हणतंय? रोज ६:३० ला गेटपर्यंत चालायचं, असं डॉक्टरांनीच चिठ्ठीवर लिहिलंय. गोळीच्या खालच्या ओळीत.

सेक्रेटरी, १०:५२
टँकर आला. ए-४०१, तुमची गाडी काढा.