'मनोरुग्ण चळवळ' म्हटलं की चळवळ कोणाची? – एका संकेतस्थळासाठी शब्द हवेत

परळकर

मानसिक आजारासाठी दवाखान्यात राहून आलेल्या माणसांनी स्वतः जी आंदोलनं केली, त्यांचा इतिहास मराठीत एका संकेतस्थळावर आणायचं काम आम्ही काही जण करतोय. मजकूर बराचसा लिहून झालाय. अडलंय ते पहिल्या पानाच्या मथळ्यावर.

'मनोरुग्ण चळवळ' असं लिहून ओळखीच्या दोन-चार जणांना दाखवलं. प्रत्येकाने विचारलं, "म्हणजे डॉक्टर लोकांची संस्था का?" एकाला तर दिवाळीतलं फराळवाटप आठवलं. आमच्या पानांवर आहे ते नेमकं उलटं. १९७१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला रुग्णांनीच 'मेंटल पेशंट्स असोसिएशन' काढली. राहायची घरं आणि दिवसा येऊन बसायची जागा सदस्य स्वतः चालवत. १९७३ मध्ये लंडनला 'मेंटल पेशंट्स युनियन' निघाली. आपल्याकडच्या पानांवर मनोरुग्णांना तुरुंगात ठेवण्याबद्दलचा १९९३चा शीला बरसे खटल्यातला निकाल आहे, एरवाडीच्या आश्रमातली २००१ची आग आहे, मनोरुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या बापू ट्रस्टचं काम आहे.

मथळा सुचवा. शिवाय तिकडचे काही रुग्ण स्वतःला 'सर्व्हायव्हर' म्हणवत, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि जुन्या कागदांतल्या 'वेडा' शब्दाचं काय करायचं, हेही सांगा.

गिरगावची

परळकर, समास सोडवून बघा. 'मनोरुग्णचळवळ'चा विग्रह दोन्हीकडे जातो, मनोरुग्णांची चळवळ आणि मनोरुग्णांसाठी चळवळ. व्याकरणाला दोन्ही चालतात. पण 'कामगार चळवळ' म्हटल्यावर आपल्याला कोणी विचारत नाही की ही मालकांनी कामगारांसाठी काढली का. 'ग्राहक चळवळ' म्हटलं की ग्राहकच डोळ्यांसमोर येतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे, तिथे गोंधळ होत नाही. मनोरुग्ण आला की मात्र विग्रह आपोआप 'साठी'कडे घसरतो. कारण मनोरुग्ण माणूस बैठक बोलावतो, इतिवृत्त लिहितो, वर्गणी गोळा करतो, हे चित्र आपल्या डोक्यात मुळी नसतंच. दोष समासाचा नाही, ऐकणाऱ्याच्या सवयीचा आहे. आणि सवय मोडायची तर समासच फोडायला हवा.

माझी सूचना: 'मनोरुग्णांनी उभी केलेली चळवळ'. लांब आहे, मान्य. पण त्यातला 'नी' सोडू नका. तृतीयेचा प्रत्यय कर्ता दाखवतो, आणि तुमच्या सगळ्या संकेतस्थळाचं म्हणणं त्या एका अक्षरात आहे. मजकुरातही हेच तपासा. 'रुग्णांना हक्क मिळाले' असं वाक्य दिसलं की थांबा. मिळाले की मिळवले?

आणखी एक. लंडनच्या 'युनियन'चं कृपा करून 'संघटना' किंवा 'मंडळ' करू नका. गिरणगावात वाढलेल्या माणसाला युनियन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सभासदत्व, मागण्या, वाटाघाटी, सगळं त्या एका शब्दात येतं.

ठाणेकर

बाईंशी शंभर टक्के सहमत. मी क्रियापदांबद्दल लिहितो.

मुंबईत कोणाची चेष्टा करायची तर "याला ठाण्याला पोचवा" म्हणतात, पुण्यात येरवड्याला. आमच्या गावाचं नाव म्हणजे शिवी, हे लहानपणापासून ऐकत आलोय. त्या वाक्यातलं क्रियापद बघा: पोचवा. घरात बोलताना "त्याला ठाण्याला टाकलं", "तिकडेच ठेवलंय". तापाच्या किंवा टीबीच्या रुग्णाला कोणी 'टाकत' नाही, त्याला दाखल करतात, आणि पुष्कळदा तो स्वतः दाखल होतो. टाकतात ते सामान. माणूस बरा झाल्यावर नातेवाइकांनी न्यायला यायचं नाही, ही गोष्टसुद्धा त्या 'टाकलं'मध्ये आधीच आलेली असते.

म्हणून प्रत्येक पानावर नीट ठरवून लिहा. स्वतःहून गेला तर 'दाखल झाला'. घरच्यांनी किंवा पोलिसांनी नेलं तर कोणी नेलं ते नाव घेऊन लिहा. नुसतं 'दाखल करण्यात आले' लिहिलं की करणारा गायब होतो. एरवाडीचंच घ्या. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या त्या दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात २८ माणसं जळून मेली, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. 'आगीत २८ मनोरुग्णांचा मृत्यू' एवढंच लिहिलं तर माणसं आगीने मेली असं होतं. साखळी वाक्यात हवीच, आणि बांधणारेही हवेत.

नामासाठी 'शुभार्थी' घ्यायला काय हरकत आहे? ठाण्या-पुण्याच्या आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द रुळलाय, ऐकायलाही गोड आहे.

गोरेगाव पूर्व

ठाणेकर दादा, मी स्वतः दाखल होते, दोनदा. एकदा माझ्या मर्जीने, एकदा नाही. म्हणून लिहितेय.

शुभार्थी शब्द आधारगटात मलाही आवडतो. आईला 'शुभंकर' म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला होता, ते मी पाहिलंय. तो शब्द घरासाठी, गटासाठी राहू द्या. पण चळवळीच्या इतिहासात तो बसत नाही. विद्यार्थी विद्या मागतो, लाभार्थी लाभ मागतो, तसा शुभार्थी शुभ मागतो. व्हँकुव्हरची माणसं शुभ मागत नव्हती. आपल्याबद्दलचे निर्णय आपण घेणार, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. 'दिव्यांग'बद्दल कितीतरी अपंग कार्यकर्त्यांनी हेच सांगितलं: गोड शब्द दिलात, पण रॅम्प कुठे आहे?

त्या लोकांनी स्वतःच्या संस्थेच्या नावात 'पेशंट' हा शब्द आपणहून ठेवला होता. तो हलका करायचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नाही. दलित पँथर १९७२ला याच शहरात निघाली, तेव्हा 'दलित' हा शब्द कोणी सौम्य करून मागितला नव्हता.

आता सर्व्हायव्हर. 'आजारातून बाहेर आलेले' असं अजिबात लिहू नका. पाश्चात्त्य देशांत ज्यांनी स्वतःला सायकिअॅट्रिक सर्व्हायव्हर म्हणवलं, त्यांतल्या बहुतेकांच्या मनात आजारातून वाचणं नव्हतं. जबरदस्तीचे उपचार, कोंडून ठेवणं, बांधणं यांतून आपण वाचलो, असं त्यांना म्हणायचं होतं. 'आजारातून' घातलंत की त्यांचं म्हणणं उलटं होतं आणि श्रेय दवाखान्याला जातं. 'पीडित' नको, त्यात माणूस पडूनच राहतो. 'भुक्तभोगी' बरा आहे, पण त्याला हिंदी बातम्यांचा वास येतो. मला 'सोसून उभे राहिलेले' जवळचं वाटतं. सोसणे हे आपल्या बायकांच्या तोंडचं क्रियापद आहे, समजावून द्यावं लागत नाही. काय सोसलं ते वाक्यात पुढे लिहा. आणि ज्या व्यक्तीबद्दल लिहिताय ती जिवंत असेल, तर तिलाच विचारा. बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी ट्रस्टच्या कामात 'मनोसामाजिक अपंगत्व' (मानसिक त्रास आणि समाजातले अडथळे मिळून येणारं अपंगत्व) ही मांडणी धरली, कारण ती संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंगहक्क कराराशी जोडलेली होती आणि भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली होती. त्यांच्या पानावर त्यांचाच शब्द हवा. मला विचाराल तर मी 'पेशंट' म्हणेन. घरी आम्ही तोच शब्द वापरतो.

काळा घोडा

जुन्या कागदांबद्दल. पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, बसून जे उतरवाल ते जसंच्या तसं उतरवा. १८५८ आणि १९१२च्या कायद्यांची भाषा 'लुनॅटिक'ची आहे, १९८७च्या कायद्यात ती बदलली, २०१७च्या कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' आली. हा बदल दिसणं हाच इतिहास आहे. मूळ उताऱ्यात 'वेडा' असेल तर 'वेडा', अवतरणचिन्हांत. तुमच्या स्वतःच्या वाक्यात तो नको. शीला बरसे खटल्यात न्यायालयाने ठरवलं की कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. अशा माणसांना बंगालच्या तुरुंगांत 'नॉन-क्रिमिनल लुनॅटिक' म्हणत. हा शब्द पुसला तर गुन्हा नसलेला माणूस कैदी कसा झाला, हे वाचकाला कळायचं नाही.

माणसांची नावं मात्र झाका. २०१७च्या कायद्याने उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाला तो कायदा लागत नसेल, पण आडनाव आणि गाव लिहिलं की आज तिथे राहणारी नातवंडं ओळखू येतात. आद्याक्षरंसुद्धा टाळा, रजिस्टरातला अनुक्रमांक पुरे.

आणि शोधाचा विचार करा. माणसं गुगलवर 'मनोसामाजिक' टाकत नाहीत. 'वेड्यांचं इस्पितळ', 'मेंटल हॉस्पिटल', 'ठाण्याचं मेंटल', 'येड्यांचं हॉस्पिटल' असलं टाकतात. हे सगळे शब्द पानाच्या शोधखुणांमध्ये भरा, मथळ्यात नकोत.

परळकर

बाई, मथळ्यात 'नी' राहणार: 'मनोरुग्णांनी उभा केलेला लढा'. 'चळवळ' उपमथळ्यात घेतो. गोरेगाव ताई, 'सोसून उभे राहिलेले' घेतलं, आणि प्रत्येक व्यक्तीच्या पानावर 'स्वतःसाठी वापरलेला शब्द' अशी वेगळी ओळ ठेवतोय.

एक राहिलं. 'शॉक'ला काय लिहू? एका मित्राने 'विद्युत-आक्षेपी उपचार' सुचवलंय.

गोरेगाव पूर्व

शॉकच लिहा. ज्याला दिला जातो तो शॉकच म्हणतो. आणि पुढच्या वाक्यात हेही घाला की भूल न देता शॉक द्यायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. वाचणाऱ्यांत कोणाचा तरी भाऊ उद्या दाखल होणार असेल, त्याला ते माहीत असायला हवं.