लस टोचल्यानंतरची रात्र: तुमचे अनुभव लिहा

मोगरा_नौपाडा
काल नातीला दीड महिन्याची लस दिली. दुपारभर छान होती, आणि दिवेलागणीला जी रडायला लागली ती कळवळूनच. डावी मांडी टणक झालेली, हात लावू देईना. तिला घेऊन बसले आणि १९९४ची आमची चाळीतली खोली आठवली. तेव्हा माझ्या लेकीला त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) टोचली होती. ताप येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. हे रात्रपाळीला, पोरीचं अंग तव्यासारखं. मला वाटलं, सकाळी न्हाऊ घातलं म्हणूनच झालं, माझीच चूक. पहाटेपर्यंत ओल्या फडक्याने पुसत बसले. ताप उतरला, पण तो ठपका मी कितीतरी वर्षं स्वतःवर ठेवला.
काल सिस्टरने अर्धा तास बसवून घेतलं. ताप येईल, तापाच्या औषधाचे थेंब वजनाप्रमाणे द्या, मांडी चोळू नका, शेकू नका, सगळं सांगितलं. लेकीला तेवढ्यानेच धीर आला. तुमचंही लिहा, लहानांचं, मोठ्यांचं, कोविडचंसुद्धा.

ऐरोली_सेक्टर८
बाबांचा कोविशिल्डचा पहिला डोस, मार्च २०२१. रात्री दोन वाजता हुडहुडी भरली. दोन गोधड्या, वर माझी शाल, तरी दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून चहा मागितला तेव्हा जिवात जीव आला. दुसऱ्या डोसला फक्त दंड दुखला. पण तो मिळेपर्यंत जून उजाडला. आधी २८ दिवस सांगितले, मग सहा ते आठ आठवडे, तेव्हा लसच संपलेली, मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले. कॅलेंडरवरची तारीख बाबा खोडून परत लिहायचे.

घणसोलीची_सून
आमच्याकडे पण सेम!! मी तर रात्री बारापर्यंत कोविनवर, म्हणजे सरकारच्या लस नोंदणीच्या साइटवर, स्लॉट बघत बसायचे. पिनकोड टाकला की सगळं लाल. कुकर झाला, नंतर लिहिते

पाचपाखाडी
लस म्हटलं की मला कुत्राच आठवतो. पहाटे दूध आणायला गेलो तर पोटरीला चावला. आजोबांना त्यांच्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, म्हणून मी घाबरलो होतो. आता दंडातच देतात. ताप आला नाही, थोडी खाज आली. जखम मात्र आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हे विसरू नका.

दिघा_आई
बीसीजीचं (क्षयाच्या लशीचं) कोणी सांगेल का? बाळ सव्वा महिन्याचं आहे, दंडावर फोड आलाय, पिकल्यासारखा दिसतोय. सासूबाई हळद लावू म्हणतात.

निवृत्त_सिस्टर_कळवा
दिघा_आई, काही लावू नका. हळद नको, मलम नको, दाबूही नका. बीसीजीला असा फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि छोटा व्रण राहतो. काखेत मोठी गाठ आली किंवा बाळाला ताप असला तर मात्र डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना म्हणावं, व्रण म्हणजे लस लागल्याची खूण.
मोगराताई, मी त्या काळात लसीच्या टेबलावर होते. काचेच्या सिरिंज उकळायच्या, निळ्या डब्यातला बर्फ बघायचा, रांग दारापर्यंत. आम्ही "पुढचं बाळ घ्या" एवढंच म्हणायचो. त्रिगुणीतल्या डांग्या खोकल्याच्या भागाने ताप येतो, तुमच्या आंघोळीने नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मनापासून माफी मागते.

मोगरा_नौपाडा
सिस्टर, डोळे भरून आले हो. लेकीला वाचून दाखवलं.

दिघा_आई
खूप आभार सिस्टर 🙏 हळदीची वाटी परत ठेवली.

दिवाळे_कोळीवाडा
आमच्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचा रुपयाएवढा व्रण होता, मध्ये खड्डा, कडेला सुरकुत्या. लहानपणी मी त्यात बोट ठेवून झोपायचो. आजी सांगायची, टोचल्यावर आठवडाभर हात वर करता येईना, जाळी ओढायला दुसरी बाई लावली. तिच्या धाकट्या भावाला देवी येऊन तो गेला होता, म्हणून तिने त्या दुखण्याची कधी तक्रार केली नाही. १९७५ नंतर आपल्याकडे देवीचा रोगीच नाही. माझ्या दंडावर तो व्रण नाही, मुलांच्याही नाही.

घणसोलीची_सून
आले परत. आजीचं वाचून काटा आला. मोगरामावशी, बाळ कसं आहे आता? नाव काय ठेवलं?

मोगरा_नौपाडा
पहाटे चारला ताप उतरला, साडेपाचला पोटभर दूध प्यायली. मांडीला अजून हात लावू देत नाही. नाव ठेवायचंय, रविवारी बारसं. लेकीला 'म' वरून हवंय.

पाचपाखाडी
मृण्मयी!

दिवाळे_कोळीवाडा
मंदा. आजीचं नाव. आता कुणी ठेवत नाही.

निवृत्त_सिस्टर_कळवा
पुढचा डोस दहाव्या आठवड्याला आहे, कार्डावर तारीख लिहून घेतलीत ना?